फळ्यावरचे चौदा

त्याला सगळे मास्तर म्हणायचे, आणि शाळेशी त्याचा संबंध सातवीतच संपला होता. मालवाहतुकीच्या एका यार्डात ड्रायव्हर होता तो. दीड टनाची डिझेल पिकअप चालवायचा, आणि लिटरमागे जितके किलोमीटर तो तिच्यातून काढायचा तितके दुसऱ्या कुणाच्या बापाला निघत नव्हते. मूळ नाव थेंबमास्तर. डिझेलचा थेंब न् थेंब जपणारा म्हणून बाकीच्या ड्रायव्हरांनी थट्टेत ठेवलेलं. पुढे ते लांबलचक वाटायला लागलं म्हणून नुसतं मास्तर राहिलं. त्यालाही ते आवडायचं, कारण मास्तर म्हटलं की चार शब्द शिकवायचा हक्क मिळतो.

आणि शिकवायचा तरी किती! टायरची हवा सकाळी गाडी हलायच्या आधी बघायची, कारण तापलेल्या टायरची हवा जास्तच दिसते. आठवड्यातून दोनदा एअर फिल्टर काढून झटकायचा. महिन्यातून एकदा गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवून बघायचं, ब्रेक धरून राहत नाहीत ना. टपावरचा लोखंडी कॅरिअर त्याने कधीच उतरवून ठेवला होता. रिकाम्या फेरीला ताडपत्रीची घडी सीटमागे जायची, कारण फडफडणारी ताडपत्री वारा धरते आणि त्याचं बिल डिझेलमध्ये येतं. उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्याला तो तोंडावर गाढव म्हणायचा. "अरे, गिअरमध्ये ठेव आणि पाय उचल. इंजिन स्वतःच डिझेल तोडतं. न्यूट्रलमध्ये ते पितच राहतं, आणि ब्रेक तापून गेले की मग बस बोंबलत!" घरीसुद्धा बायको चहा गॅसवर ठेवून दारात गप्पा मारायला गेली की हा उठून गॅस बारीक करून यायचा. कुणी विचारलं, मास्तर, एवढं ॲव्हरेज काढता कसं, की तो उजवा पाय जरासा उचलून दाखवायचा आणि म्हणायचा, "सगळं पायात असतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्यावरच अडणार आहे.

त्याच यार्डात भोंगा होता. मास्तरच्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ. आवाज असा, की तो गेटबाहेर बोलला तर आत ऑफिसातला कारकून लिहिता लिहिता मान वर करायचा, म्हणून भोंगा. दोघं आधी दोस्त, मग पाहुणे. मास्तरचं लग्न भोंग्यानेच जमवलेलं. तेव्हापासून यार्डात तो "अरे मास्तर" म्हणायचा आणि बहिणीच्या घरी पाऊल टाकलं की "दाजी, तुम्ही" सुरू करायचा. हे तो कधी चुकला नाही.

दोघांच्या गाड्याही जुळ्या. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच रंगाच्या. रस्ताही एकच, घाटाचा. फरक एवढाच की वर डोंगरावर पाणी भरण्याचा कारखाना होता, तिथे मास्तर रिकामे जार घेऊन चढायचा आणि भरलेले जार घेऊन उतरायचा. भोंग्याचं उलटं. खालच्या गोदामातून सिमेंट आणि फरशी भरून तो घाट चढायचा आणि रिकामा खाली यायचा. मास्तरच्या गाडीला लिटरमागे चौदा पडायचे, भोंग्याच्या गाडीला अकरा. थोरले मालक स्वतः पंचवीस वर्षं ट्रक चालवलेले. त्यांनी ह्या फरकाबद्दल कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्यांना ठाऊकच होतं.

थोरले मालक गेले आणि धाकटे मालक खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता, पण भरलेली गाडी त्याने जन्मात चालवली नव्हती. त्याने ऑफिसच्या भिंतीवर एक काळा फळा लावला. दर शनिवारी दुपारी प्रत्येक गाडीची टाकी गळ्यापर्यंत भरायची. जितकं डिझेल मावलं त्याने आठवड्याच्या किलोमीटरला भागायचं, आणि येईल तो आकडा कारकुनाने खडूने गाडीसमोर लिहायचा. सगळ्यात वर मास्तरचे चौदा. सगळ्यात खाली भोंग्याचे अकरा. शनिवारी त्या फळ्यासमोर मास्तर जरा जास्तच वेळ चहा प्यायचा.

एका रविवारी भोंगा बहिणीकडे जेवायला आला होता. मास्तर नेहमीप्रमाणे पायाचं पुराण सांगायला लागला, तसा भोंगा गडगडून हसला. "दाजी, तुम्ही गाडी चालवता कुठं? घसरगुंडी आहे ती! वजन आपलं आपण खाली येतंय, आणि तुम्ही नुसते स्टिअरिंगला लटकलाय. माझं सिमेंट चढवून बघा एकदा, पाय डोक्याला लावाल!" बायको हसली. नुसती हसली असती तरी चाललं असतं. पण ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा हसली. मास्तरही हसला, आणि ताट अर्धं सोडून हात धुवायला उठला.

पुढच्याच शनिवारी धाकट्या मालकांनी भोंग्याला फळ्यासमोर उभं केलं. यार्डातले सगळे होते, हमाल, ड्रायव्हर, कारकून. गाड्या जुळ्या असताना लिटरमागे तीन किलोमीटर जातात कुठे, पितोस की विकतोस, असं त्यांनी सरळ विचारलं. भोंग्याने चढाचं सांगितलं. मालकांनी मास्तरला पुढे बोलावलं.

"मास्तर, तुम्ही ह्यातले जाणकार. हा म्हणतो, माल चढवायचा आणि माल उतरवायचा ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून ह्याला अकरा आणि तुम्हाला चौदा. खरं आहे का?"

एका शब्दाचं काम होतं हो! दीड टन सिमेंट घेऊन घाट चढताना पिकअप कशी कण्हते, हे त्या यार्डातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. पण 'हो' म्हटलं असतं तर फळ्यावरचे चौदा पायाचे नाहीत, डोंगराचे आहेत, हे भरल्या यार्डात कबूल झालं असतं. बायकोचं ते हसू अजून कानात होतं. मास्तरने उजवा पाय किंचित उचलला.

"सगळं पायात असतं, मालक."

भोंगा त्याच्याकडे बघत राहिला. एरवी यार्ड डोक्यावर घेणारा माणूस, त्या दिवशी हळूच म्हणाला, "अरे मास्तर, सांग ना नीट." मास्तरने मिठाची गुळणी धरली ती धरलीच. मालक म्हणाले, "किल्ली ठेव टेबलावर." भोंग्याने ठेवली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर नव्हताच. पण डिझेलचोर हा शिक्का ड्रायव्हरला लागला की मेल्याशिवाय जात नाही. भोंगा सहा ठिकाणी फिरला. सहाही ठिकाणी तो पोचायच्या आधी बातमी पोचलेली. शेवटी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो मार्केटमध्ये पोती उचलायला लागला.

"अहो," बायकोने एकदा कपडे वाळत घालता घालता विचारलं, "दादाने खरंच चोरलं का हो?"

"मी काय त्याच्या गाडीत बसून होतो?" मास्तर म्हणाला. "फळ्यावर आहे ते आहे."

दुसऱ्या कुठल्या बाबतीत तिने नवऱ्याचं ऐकलं नसतं, पण डिझेलच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. पंधरा दिवसांनी भोंगा दारात आला. तिने पाणी दिलं. बस म्हणाली नाही. त्याने उभ्यानेच पाणी प्यायलं, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि गेला, तो परत आला नाही. मास्तर आत खाटेवर पडून होता आणि झोपल्याचं सोंग करत होता.

महिन्याभरात धाकट्या मालकांनी नवी गंमत काढली. "मास्तर, आता ती गाडी तुम्ही घ्या. वर जाणारं सिमेंट तुम्हीच न्या. कळू दे सगळ्यांना पाय काय असतो ते!" झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? मास्तर हसला आणि त्याने किल्ली घेतली. भोंग्याने तिला बांधलेली लाल दोरी अजून तिच्यातच होती.

पहिल्या आठवड्यात त्याने जीव ओतला. सगळ्या चाकांची हवा बघितली, फिल्टर नवा बसवला, इंजेक्टर तपासून घेतले, सीटखालचं भंगार काढून टाकलं, दोन पान्हे आणि जॅक तेवढा ठेवला. चढाच्या आधी वेग घ्यायचा, इंजिन गुरगुरायच्या आत गिअर बदलायचा, काळा धूर म्हणून निघू द्यायचा नाही, वळणावर ब्रेकला पाय लावायचा नाही. ट्रकच्या मागे अडकला तर लांबूनच हळू यायचा, म्हणजे थांबायला नको. सगळं केलं. आणि गुरुवारीच काटा बघून तो हिशेबाला बसला. आठवड्याला आठशेचाळीस किलोमीटर. चौदाच्या हिशेबाने साठ लिटर लागायला हवं होतं. काट्यावरून खर्च ऐंशीकडे चालला होता.

शनिवारी सकाळी त्याने गावाबाहेरच्या पंपावर, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, एक वीस लिटरचा डबा भरून घेतला, स्वतःच्या पैशाने. मग जुन्या बंद वजनकाट्याच्या मागे गाडी लावली, नरसाळं घातलं आणि डबा टाकीत रिकामा केला. दुपारी यार्डात टाकी भरली तेव्हा साठच लिटर मावलं. कारकुनाने खडूने चौदा लिहिले. चोर गाडीतून डबा भरतो. हा गडी डब्यातून गाडी भरत होता, आणि तीही मागेपुढे बघत, चोरासारखीच. हा एकच आठवडा, असं त्याने मनाशी म्हटलं होतं.

आठ महिने! आठ महिने त्याने तो डबा ओतला. दर शनिवारी धाकटे मालक फळ्यावर बोट ठेवून कुणा ना कुणाला सांगायचे, "बघा, चढ-चढ करत होता तो. हीच गाडी, हाच चढ, हेच सिमेंट. मास्तरला कसे पडतात?" म्हणजे दर शनिवारी भोंगा नव्याने चोर ठरायचा, आणि त्याच्या चोरीचा पुरावा मास्तर स्वतःच्या पगारातून विकत आणायचा. त्याला हे कळत नव्हतं असं समजू नका. चांगलं कळत होतं. लाज वाटायची त्याला, झोप लागायची नाही, मार्केटच्या रस्त्याने जायचं तो टाळायचा. पण लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

घरात ओढाताण सुरू झाली. बायकोच्या चष्म्याची काडी तुटली, तिने ती दोऱ्याने बांधली. नवा चष्मा 'पुढच्या महिन्यात' होता, आणि तो पुढचा महिना पाच वेळा पुढे गेला. मीटरही न पाहता पाय तोलणारा माणूस घरी खर्चाचं नाव काढलं की खेकसायचा. तिला वाटलं, दारू असेल. तोंडाचा वास घेतला, नव्हती. मग काहीबाही वाटलं, पण बोलली नाही.

एका रविवारी दुपारी ती जिन्याखालच्या कोनाड्यात दोरी शोधत होती. जुन्या गोणपाटाखाली डबा आणि नरसाळं सापडलं. मास्तर अंघोळ करून आला तर डबा घराच्या मधोमध आणि ती त्याच्यासमोर बसलेली.

"हे काय आहे?"

"डबा आहे."

"डबा मला दिसतोय. चष्म्याची काडी तुटली आहे, डोळे नाही फुटले माझे. डिझेलचा वास येतोय त्याला." तिचा आवाज चढला. "तुम्ही पण? आधी दादा, आता तुम्ही? दोन्हीकडून चोरच यायचे होते का माझ्या नशिबात?"

चोर हा शब्द भोंगा कित्येक महिने अंगावर घेऊन फिरत होता. मास्तरला तो एक मिनिटही सोसला नाही.

"मी चोर नाही!" तो ओरडला. "मी काढत नाही, ओततो. माझ्या पगारातून आणून ओततो!" आणि मग तोंड एकदा उघडल्यावर सगळंच बाहेर आलं, वजनकाटा, शनिवार, वीस लिटर.

ती रडली नाही. हळूहळू, एकेक पायरी उतरल्यासारखं विचारत गेली. "म्हणजे त्या गाडीला तेवढंच लागतं?"

"हो."

"तुम्ही चालवली तरी?"

"हो."

"म्हणजे दादाने चोरलं नव्हतं." त्याने मान खाली घातली. "आणि तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

मग ती म्हणाली, "मी त्याला बस म्हणाले नाही हो. माझ्या दारातून उभ्याने पाणी पिऊन गेला तो." तिने चष्मा काढला, मांडीवर ठेवला आणि दोरा नीट करत बसली. "शनिवारी डबा न्यायचा नाही. आणि सगळ्यांसमोर सांगायचं. सगळ्यांसमोर गेलाय तो."

मास्तरने ते केलं. त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं, नाहीतर ह्या माणसाबद्दल चांगलं बोलायला फारसं काही नाही. शनिवारी टाकीत ऐंशी लिटर मावलं. कारकुनाने दोनदा भागाकार केला, मास्तरकडे बघितलं आणि खडूने साडेदहा लिहिले. धाकटे मालक बाहेर आले. मास्तरने टोपी काढली आणि सगळं सांगितलं. चढाचा फरक सांगितला, आपण खोटं बोललो ते सांगितलं, डबा सांगितला, भोंगा निर्दोष आहे हेही सांगितलं. मधे एकदाही थांबला नाही.

मालकांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग ते हसले, आणि ते हसू बरं नव्हतं.

"आठ महिने स्वतःच्या पैशाचं डिझेल माझ्या गाडीत ओतलंत? कशासाठी? फळ्यावरच्या आकड्यासाठी? मास्तर, शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का ह्यावर? पावती आहे एखादी?"

पावत्या त्याने पंपावरच फाडून टाकल्या होत्या, एकूण एक.

"मालक, तुम्ही बसा माझ्याबरोबर. सोमवारी एक फेरी मारू. डोळ्याने बघा."

"बसून काय होणार? मी शेजारी बसलो की पाहिजे तेवढं पाजाल गाडीला. चौतीस आठवडे चौदा, आणि आज साडेदहा. गाडी तीच, चढ तोच, सिमेंट तेच. मेहुण्याची सवय लागली, एवढाच ह्याचा अर्थ." क्षणभर त्यांचा चेहरा बदलल्यासारखा वाटला. मास्तरचं खरं मानायचं तर निर्दोष माणसाला सगळ्यांसमोर चोर म्हणून हाकलल्याचं मानावं लागणार होतं, आणि तेही सगळ्यांसमोरच. त्यांनी फळ्याकडे बोट केलं. "मी नाही म्हणत. तुमचेच चौदा म्हणतायत. किल्ली ठेवा टेबलावर."

मास्तरने किल्ली ठेवली. लाल दोरी तिला तशीच होती.

यार्डातून तो सरळ मार्केटला गेला. ऊन कललं होतं. भोंगा ट्रकच्या फाळक्याशी उभा होता, डोक्यावर गोणपाटाची टोपडी, अंगभर धूळ. पाठीत वाकला होता. मास्तरने त्याला तिथेच, पोत्यांच्या थप्पीला टेकून, सगळं सांगितलं. फळा, डबा, आजचा शनिवार, नोकरी गेल्याचं. बहिणीने घरी बोलावलंय, बसायला बोलावलंय, हेही सांगितलं. भोंगा धुळीने खोकला आणि थुंकला.

"बघू," तो म्हणाला. आवाज इतका बसलेला, की मास्तरला पुढे वाकून ऐकावं लागलं. मग त्याने विचारलं, "गाडी किती द्यायची तुम्हाला?"

इथे, मार्केटमध्ये, तो त्याला तुम्ही म्हणाला. मास्तरला ते आत कुठेतरी लागलं.

"साडेदहा. हवा, फिल्टर, इंजेक्टर, सगळं करून साडेदहा. त्याच्यावर जात नाही ती."

भोंग्याने गळ्यातल्या फडक्याने तोंड पुसलं.

"मला अकरा द्यायची, दाजी."

तो अकराचा आकडा वर्षभर दर शनिवारी मास्तरच्या डोळ्यांसमोर लिहिला गेला होता. त्याच्याकडे बघत त्याने चहा प्यायला होता. त्याच आकड्यावरून त्याने एका माणसाला चोर होऊ दिलं होतं, आणि तो आकडा काय सांगतोय हे त्याने, थेंबमास्तरने, एकदाही वाचलं नव्हतं. ट्रकवरून कुणीतरी हाक मारली. भोंगा फाळक्याकडे वळला, पाठ वाकवली आणि पुढचं पोतं घेतलं.